बाग वैशाखाच्या मापाने

(लातूर येथे उन्हाळी व्याख्यानमालेत ‘घरची बाग आणि पाण्याची बचत’ या विषयावर एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचा हा संपादित अंश. दुष्काळी प्रदेशातील प्रत्येक कुटुंबाने विचारात घ्यावा असा हा विषय असल्याने तो विस्ताराने देत आहोत.)



संयोजकांनी मला विषय दिला तेव्हा माझ्या एका मित्राने सहज प्रश्न केला, “लातुरात जाऊन बागेवर बोलणार? लोक हसतील!” त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. जिथे नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येण्याची सवय लोकांच्या अंगवळणी पडली, जिथल्या गृहिणीने पहाटे तीन वाजता उठून हंडे भरण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालविली, तिथे कुंड्यांतल्या मोगऱ्याविषयी बोलणे शोभते काय? या प्रश्नाला बगल देऊन बागेच्या गोष्टी सांगणे हे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणून आरंभ याच प्रश्नापासून करतो.

२०१६ साल आपणापैकी कोणी विसरले असेल असे वाटत नाही. मांजरा धरण कोरडे पडले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, म्हणजे सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. आकडा मोठा वाटतो. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे या शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. भागाकार केला तर एका खेपेचे पाणी माणशी साडेसहा लिटर पडते. सुमारे साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून आलेले पाणी, आणि वाट्याला काय, तर अर्धी बादली!

या अर्ध्या बादलीतून कोणी कुंडीला पाणी घालावे असे मी म्हणणार नाही. तशी बाग असण्यापेक्षा नसलेली बरी. माझे म्हणणे असे आहे की, योग्य रीतीने केलेली घरची बाग माणसाच्या तोंडचे पाणी पळवीत नाही. जे पाणी आपण रोज मोरीतून गटारात सोडतो, त्यावर ती जगते. एवढेच नव्हे, तर घरातल्या लहानथोरांना पाण्याचा हिशेब ठेवायला शिकविते. अट एकच आहे आणि आजच्या भाषणाचे सारही तेवढेच आहे : बागेचा आकार वैशाखातल्या पाण्यावरून ठरवावा, आषाढातल्या पाण्यावरून ठरवू नये.

पाण्याप्रमाणे पीक

हा विचार माझा नाही. या मातीत तो शतकानुशतके रुजलेला आहे. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर ‘फड’ नावाची सिंचनपद्धती चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि त्याखालील जमिनीचे मोठमोठे भाग, त्यांना फड म्हणत. एका फडात एकच पीक, आणि प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत. पाऊस कमी झाला की गावकरी एकत्र बसून ठरवीत, यंदा इतकेच फड भिजतील, बाकीचे कोरडे राहतील. टंचाईचा भार त्यामुळे सर्वांवर सारखा पडे. पाटकरी पाणी सोडी आणि त्याच्या कामात कोणी ढवळाढवळ करीत नसे. आधी पाणी मोजायचे आणि मग पीक ठरवायचे, हा त्यातला धडा.

१९७२ च्या दुष्काळाने हाच धडा पुण्याच्या विलासराव साळुंखे यांना नव्याने शिकविला. पेशाने अभियंता आणि उद्योजक असलेल्या या माणसाने पुरंदर तालुक्यातील नायगावात ‘पाणी पंचायत’ उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिला आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही असा दंडक घातला. साळुंखे २००२ मध्ये गेले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न आजही आपल्यासमोर उभा आहे : पाणी कोणाचे?

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाचा कायापालट झाला. जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे हे गाव. ग्रामसभेत पावसाचे पाणी मोजले जाते, त्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, हा नियम गावाने स्वतःच स्वतःवर घालून घेतला. सरकारने २०२० मध्ये पोपटरावांना ‘पद्मश्री’ने गौरविले. आपण त्यांचे कौतुक करतो, सहली काढून ते गाव पाहून येतो आणि घरी आल्यावर नळ सोडून अंगण धुतो! गावाला जमते ते घराला का जमू नये?

हिशेबाची वही

म्हणून बाग करू इच्छिणाऱ्याने रोपवाटिकेत जाण्याआधी एक वही आणावी. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून सामान्य शेतकऱ्याला मोजायला आणि नोंदी ठेवायला शिकविले. प्रयोगशाळा विद्यापीठातच असते असे नाही, ती परसातही असते, ही त्यांची दृष्टी होती. आपणही ती घेऊ या.

पहिली नोंद उन्हाची. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या हौदातले पाणी दिवसाला दहा मिलिमीटरहून अधिक उडून जाते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे गणित लक्षात ठेवावे. आता बंगल्यापुढच्या हिरवळीचा हिशेब पाहा. पाचशे चौरस फुटांची हिरवळ म्हणजे सुमारे सेहेचाळीस चौरस मीटर. उन्हाळ्यात तिला चौरस मीटरला पाच-सहा लिटर पाणी रोज लागते. म्हणजे दिवसाला अडीचशे लिटरच्या आसपास. शहरी पाणीपुरवठ्याचे मानक माणशी १३५ लिटरचे आहे. याचा अर्थ ही हिरवळ जवळजवळ दोन माणसांचा वाटा पिते, आणि देते काय? एक भाजीची जुडीही नाही. थंड पावसाळी देशांतली ती शोभा आहे, तिथे ती आपोआप उगवते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात तिचा हट्ट धरणे हे सौंदर्यदृष्टीचेही लक्षण नव्हे.

याउलट वीस कुंड्यांची बाग घ्या. बारा इंची कुंडीला भर उन्हाळ्यात आच्छादन नसेल तर दीड-दोन लिटर पाणी लागते. म्हणजे दिवसाला तीस ते चाळीस लिटर. आच्छादन आणि सावली दिली तर ते बऱ्याच अंशी कमी होते. तांदूळ-डाळ धुतल्याचे, भाज्या धुतल्याचे, पिण्याचे शिळे म्हणून ओतून दिलेले असे पाणी घरात किती निघते, ते आठवडाभर एका बादलीत साठवून मोजावे. त्या बादलीत बसतील तेवढ्याच कुंड्या ठेवाव्यात. पाच बसत असतील तर पाच. पाच टवटवीत झाडांची बाग ही पंचवीस करपलेल्या झाडांपेक्षा केव्हाही श्रेष्ठ.

वहीत आणखी एक नोंद करावी, ती गळक्या नळाची. सेकंदाला एक थेंब आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तरी दिवसाला एकवीस लिटरहून अधिक पाणी वाहून जाते. म्हणजे आपल्या निम्म्या बागेचे पाणी. चार-दोन रुपयांच्या वायसरसाठी आपण ते घालवितो.

पहिले पाणी माणसाचे, दुसरे झाडाचे

वापरलेले सगळेच पाणी मात्र झाडाला चालत नाही. इथे विवेक हवा. धान्य-भाज्या धुतलेले पाणी उत्तम, ते कोणत्याही झाडाला त्याच दिवशी घालावे. आंघोळीचे पाणी जमिनीतल्या झाडांना चालते. ते आधी कर्दळ, अळू, केळी यांच्या वाफ्यात सोडावे. ही झाडे अशा पाण्यावर चांगली पोसतात. कपड्यांच्या पहिल्या पाण्यात धुण्याची पावडर असते आणि तिच्यातला सोडियम आपल्या काळ्या जमिनीला मारक ठरतो, माती चिकट होऊन बसते. म्हणून ते पाणी फरशी धुवायला किंवा संडासात वापरावे. दुसऱ्या-तिसऱ्या खळबळणीचे पाणी झाडांना द्यायला हरकत नाही. साबणाचे पाणी साठवून ठेवू नये, दुसऱ्या दिवशी त्याला घाण येते. आणि कोथिंबीर, पालक यांसारख्या पालेभाज्यांवर ते कधीही घालू नये.

आज घरोघरी पाणी शुद्ध करण्याची आरओ यंत्रे आली आहेत. एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे त्यातून पुष्कळदा दोन लिटरहून अधिक पाणी वाया जाते. ते फेकून देऊ नये हे खरेच, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. कुंडीत ते नित्य घातले तर मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. फरशी पुसायला आणि भांडी विसळायला ते चांगले. कूलरच्या तळाशी उरणाऱ्या पाण्याचेही तसेच. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मात्र हवेतल्या बाष्पाचे असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते झाडांना खुशाल द्यावे.

गळती आणि मडके

ठिबक सिंचन म्हटले की आपल्याला इस्रायल आठवते, आणि ते योग्यच आहे. सिमखा ब्लास या अभियंत्याने तिथल्या वाळवंटात हे तंत्र सिद्ध केले आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्याचे उत्पादन सुरू झाले. पुढे जळगावच्या भवरलाल जैन यांनी ते भारतीय शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेले. पण वैशाखात महादेवाच्या पिंडीवर आणि तुळशीवर गळती बांधण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. भांड्याच्या बुडाला बारीक छिद्र, त्यातून थेंब थेंब पडणारे पाणी. ठिबकाचा शोध आम्हीच लावला असा दावा मी करणार नाही. असले दावे टाळ्या मिळवितात, रोप जगवीत नाहीत. पण उन्हाच्या काहिलीत एकदम घागरभर ओतण्यापेक्षा थेंबाथेंबाने दिलेले पाणी अधिक मुरते, हे ज्ञान आपल्या आजीला होते, एवढे निश्चित. आज तीच गळती रिकाम्या बाटलीला छिद्र पाडून, त्यात कापसाची वात घालून करता येते.

दुसरा उपाय मडक्याचा. कुंभाराकडचे बिनरंगाचे, साधे भाजलेले, अरुंद तोंडाचे मडके घ्यावे आणि गळ्यापर्यंत मातीत पुरावे. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवावे, नाहीतर डास होतात. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते. भोवतालची माती कोरडी झाली की ती पाणी ओढून घेते, ओली असली की झिरपणे मंदावते. झाड आपल्या गरजेपुरते पाणी स्वतः मागून घेते म्हणा ना! चार-पाच लिटरच्या मडक्याभोवती दोडका, कारले, भोपळा यांचे दोन-तीन वेल सहज जगतात आणि एकदा भरले की साधारण दोन-तीन दिवस पाहावे लागत नाही. मात्र जुना माठ यासाठी घेताना पारख करावी. ज्या माठात पाणी गार होईनासे झाले, त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. जो माठ पाझरत नाही तो सिंचनही करीत नाही. मडक्यात साबणाचे किंवा गढूळ पाणी घालू नये, तेही छिद्रे बुजविते.

तिसरा आणि सर्वांत स्वस्त उपाय आच्छादनाचा. वाळका पाला, गवत, उसाचे पाचट, जे मिळेल त्याचा तीन-चार इंचांचा थर मातीवर पसरावा, फक्त खोडाला चिकटू देऊ नये. ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही, ओल टिकते आणि पाला कुजून त्याची माती होते. आपण मात्र अंगणातला पाचोळा गोळा करून पेटवून देतो. वैशाखात झाडाखालचा पाला जाळणे म्हणजे उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरची टोपी काढून घेण्यासारखे आहे.

पाणी सूर्योदयापूर्वी किंवा तिन्हीसांजेनंतर घालावे. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, म्हणजे एकीची सावली दुसरीला मिळते. मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडते, म्हणून तिला बाहेरून गोणपाट गुंडाळावे. पश्चिमेच्या बाजूला शेडनेट किंवा त्याहून चांगला असा एखादा वेल चढवावा. गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचे भान ठेवावे. एक चौरस मीटरवर फूटभर ओली माती म्हणजे सुमारे पाचशे किलो. म्हणून नुसती काळी माती न भरता शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि नारळाचा भुसा मिसळावा. मोठ्या कुंड्या भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवर ठेवाव्यात आणि बांधकामाच्या जाणकाराला आधी विचारावे.

कोणती झाडे?

जी या मातीची आहेत किंवा या उन्हाशी ज्यांनी मैत्री केली आहे, ती. शेवगा, कढीपत्ता, सीताफळ, डाळिंब, लिंबू ही जमिनीत लावावीत. पहिली दोन वर्षे जपली की पुढे ती फारसे मागत नाहीत. कुंडीत तुळस, कोरफड, गवती चहा, सदाफुली, मोगरा. मोगरा तर ऐन उन्हाळ्यात बहरतो, सृष्टीची ही उन्हाळ्याला दिलेली भेटच आहे. भाज्यांत घोळ, तांदुळजा, चवळी. घोळ ही रानभाजी उन्हाळ्यातही तग धरते आणि भाकरीबरोबर तिची चव मराठवाड्याला मी सांगायला नको. फुलकोबीचा अट्टहास थंडीपुरता ठेवावा.

छपरावरचे धन आणि जमिनीतली ठेव

आता एका अप्रिय विषयाकडे वळतो. पुष्कळ जण सांगतात, “आमच्या बागेला नळाचे पाणी लागतच नाही, आमचे स्वतःचे बोअर आहे.” स्वतःचे कसे? बोअरचे भोक आपले असेल, पाणी आपले नाही. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या वरच्या मुरमाड थरात आणि भेगांमध्ये जेवढे पावसाचे पाणी मुरते तेवढीच आपली ठेव. ती ठेव संपूर्ण गल्लीची सामाईक आहे. तुम्ही तीनशे फुटांवरून पाचशे फुटांवर जाता तेव्हा शेजाऱ्याचा हातपंप आटतो, आणि पुढच्या वर्षी तो सातशे फुटांवर गेला की तुमचे बोअर आटते. या शर्यतीत जिंकतो तो फक्त बोअरची गाडी चालविणारा. वैशाखात बोअरच्या पाण्याने हिरवळ भिजविणाऱ्याने आपल्या गल्लीतल्या टँकरच्या रांगेकडे एकदा पाहावे.

ठेव काढायची तर आधी भरली पाहिजे. हजार चौरस फुटांच्या छपरावर वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस पडला, तर छप्पन हजार लिटरच्या जवळपास पाणी पडते. वाया जाणारे वजा करून त्यातले ऐंशी टक्के धरले, तरी चव्वेचाळीस हजार लिटर. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी छप्पर धुण्यासाठी सोडून द्यावे आणि नंतर पन्हळीतून आलेले पाणी गाळून विहिरीजवळच्या किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात मुरवावे. त्यातले थोडे बागेसाठी साठवावे. दोन हजार लिटरची झाकणाची टाकी अशा छपरावर पंचवीस-तीस मिलिमीटरच्या एका दमदार पावसात भरते. परतीच्या पावसात ती भरून, उजेड न लागू देता राखून ठेवली, तर रोज चाळीस लिटरप्रमाणे पन्नास दिवस पुरते. म्हणजे चैत्राच्या मध्यापासून जवळजवळ ज्येष्ठापर्यंतची बेगमी झाली. नळाला हात न लावता, शेजाऱ्याच्या वाट्याला धक्का न लावता!

मित्रहो, पाणी वाचवा हे सांगणाऱ्या पाट्यांनी आपल्या भिंती भरून गेल्या आहेत. पाट्यांनी सवयी बदलत नाहीत. सवयी बदलतात त्या हाताला काम मिळाले की. सात-आठ वर्षांच्या मुलाला एक कुंडी आणि एक तांब्या नेमून द्या. “या तांब्यातच तुझे झाड जगले पाहिजे” असे सांगा. ते मूल नळ अर्धवट सोडून कधी उठणार नाही. आणि एक विनंती पुरुषमंडळींना. आजवर घरातले पाणी भरण्याचे, जपण्याचे, पुरविण्याचे काम प्रायः स्त्रियांनीच केले. बाग केली आणि तिचे पाणीही त्यांनाच उचलावे लागले, तर त्या बागेत पुण्य नाही. मोरीपासून कुंडीपर्यंतची बादली घरातल्या पुरुषाने उचलावी.

गल्लीतल्या दहा घरांनी मिळून एक शोषखड्डा, दोन-चार समाईक टाक्या आणि एक समाईक वही एवढे या पावसाळ्यापूर्वी केले, तरी आजचे हे बोलणे सार्थकी लागले असे मी मानेन. अक्षय्य तृतीयेला आपण पाण्याने भरलेला घट दान देतो. तहानलेल्याच्या ओंजळीत पाणी घालणे याहून मोठे दान उन्हाळ्यात नाही, हे आपल्या पूर्वजांनी जाणले होते. आपल्या घरी रोज वाचणारी प्रत्येक घागर ही कुणाच्या तरी वाट्याला जाणारा उदककुंभच आहे. आधी ती घागर वाचावी आणि मग मोगरा फुलावा, हा क्रम मात्र चुकू नये.